दादासाहेब फाळक्यांना भेटायचं, तर डार्करूममध्ये

१९१२ सालचा उत्तरार्ध आणि दादर मेन रोडवरचं मथुरा भवन. इतिहासातल्या एकाच माणसाला भेटता येणार असेल तर मी हाच काळ आणि हाच पत्ता मागेन. धुंडिराज गोविंद फाळके तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ ही पदवी अजून कोणी दिली नव्हती, आणि आज त्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. घरात लंडनहून आणलेला एक कॅमेरा, काही यंत्रं, कच्च्या फिल्मचे डबे, पत्नी सरस्वतीबाई आणि मुलं. राहायच्या त्याच जागेत स्वयंपाक, तिथेच कारखाना.

फाळक्यांबद्दल बोलताना आपण नेहमी त्यांच्या ध्यासाबद्दल बोलतो. गहाण पडलेले दागिने, विकलेलं घरसामान, अधू झालेले डोळे. हे सगळं खरं आहे आणि त्याचं मोल मला कमी करायचं नाही. पण ध्यास तर पुष्कळांना असतो. फाळके वेगळे ठरले ते हातातल्या कसबामुळे. कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून तयार रीळ पडद्यावर दाखवण्यापर्यंतची प्रत्येक पायरी या माणसाला स्वतःच्या हाताने करता येत होती. म्हणून मला त्यांना प्रेरणेबिरणेचं काही विचारायचं नाही. मला कामाचे प्रश्न विचारायचे आहेत.

हे कसब एका दिवसात आलेलं नव्हतं. जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. तिथे चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम. रतलामला तीन रंगांच्या छपाईसाठी ब्लॉक बनवण्याचं शिक्षण. गोध्र्याला फोटोग्राफरचा धंदा. १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात नकाशे-आराखडे काढण्याची नोकरी, वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत ती सोडली. मग लोणावळ्याला छापखाना, नंतर तोच दादरला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’. १९०९ मध्ये यंत्रसामग्रीसाठी जर्मनीची वारी. मधल्या काळात ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने, म्हणजे स्वतःचंच आडनाव उलटं करून, जादूचे प्रयोगही केले. ही यादी धरसोडीची वाटते, पण सिनेमा बनवायला नेमकं काय लागतं ते पाहा. काचेच्या प्लेटा धुणाऱ्याला रसायनं कळतात. तीन रंगांचे ब्लॉक करणाऱ्याला एका प्रतिमेवर दुसरी प्रतिमा केसाइतकाही फरक न पडता बसवावी लागते. आराखडे काढणाऱ्याला सेटची मापं काढता येतात, आणि जादूगाराला प्रेक्षकाची नजर कुठे असते ते माहीत असतं. एप्रिल १९११ मध्ये गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला तेव्हा हे सगळं आधीच त्यांच्या हातात होतं.

त्यानंतर महिनोन्‌महिने रोज चार-पाच तास मिळेल तो सिनेमा बघणं चाललं. डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली. मग बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजार उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनचं जहाज पकडलं. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला, मग सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओशी गाठ घालून दिली. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं, आणि १ एप्रिलला माणूस मुंबईत परत. लंडनमधला मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. पूर्वतयारी नसलेला माणूस एवढ्या दिवसांत फक्त खरेदी करून आला असता.

माझा पहिला प्रश्न या भोकांच्या यंत्राबद्दल आहे, आणि तो दादासाहेबांना नाही, सरस्वतीबाईंना. कारण ते काम त्यांनी केलं.

कच्ची फिल्म तेव्हा कडेला भोकं न पाडलेली मिळायची. ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर एका चौकटीसाठी (फ्रेम, म्हणजे फिल्मवरचं एक चित्र) दोन्ही कडांना चार-चार भोकं लागतात. दोन भोकांमधलं अंतर ४.७५ मिलिमीटर. चार भोकं म्हणजे १९ मिलिमीटर, ही एका चौकटीची उंची. एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे एका कडेला ६४ भोकं आणि दोन्ही कडांची मिळून १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ या फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. गुणाकार केला तर ४ लाख ७३ हजार ६०० भोकं, आणि ही फक्त अंतिम चित्रपटाएवढ्या निगेटिव्हची. प्रिंटसाठीची पॉझिटिव्ह फिल्मही कोरीच असेल तर आकडा साडेनऊ लाखांच्या घरात जातो. शिवाय जेवढं चित्रित केलं तेवढं सगळं चित्रपटात येत नाही, म्हणून खरा आकडा याहून मोठा.

आता अचूकतेचा हिशेब. दर भोकामागे दोन शतांश मिलिमीटरची चूक झाली आणि ती एकाच दिशेने साठत गेली, तर एका फुटात सव्वा मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. पडद्यावर प्रतिमा शेकडो पट मोठी होत असल्याने हा फरक चित्र थरथरण्याच्या रूपाने दिसतो, प्रेक्षकाचे डोळे दुखतात. म्हणून अशा यंत्रात भोक पाडणाऱ्या पंचाबरोबर मार्गदर्शक खुंट्या असतात. त्या आधी पाडलेल्या भोकांत शिरतात, फिल्म जागच्या जागी धरतात आणि मग पुढचा ठोका पडतो. खुंटी झिजली की चूक साठायला लागते. पंच बोथट झाला तर भोकाच्या कडा स्वच्छ कापल्या जात नाहीत, तिथून चीर पडते आणि प्रोजेक्टरमध्ये फिल्म तुटते. पाडलेल्या भोकांचे बारीक कपटे झटकले नाहीत तर ते कॅमेऱ्यात फिल्म भिंगासमोरून सरकते त्या फटीत अडकतात आणि चित्रभर ओरखडे उमटवतात.

हे सगळं अंधारात करायचं. त्या काळच्या फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसत नसे, म्हणून मंद लाल दिवा चालायचा. पण तोही लांब ठेवून, कारण ही फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की हवा नसतानाही जळत राहते, पाणी ओतलं तरी विझत नाही. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून रात्री अशा खोलीत बसून सरस्वतीबाई भोकं पाडत होत्या. मला त्यांना विचारायचंय की पंचाला धार कोण लावायचं? ठोका चुकतोय हे आवाजावरून कळायचं की हाताला? पावसाळी हवेत फिल्मवरचा चित्र धरणारा जिलेटिनचा थर ओलावा धरतो आणि फिल्म चिकटते, तेव्हा काय करत होतात? भारतीय सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञ त्या आहेत असं मी मानतो, आणि त्यांच्या कामाचं वर्णन ‘पतीला मोलाची साथ’ एवढ्यावर संपवणं मला अजिबात पटत नाही.

दुसरा प्रश्न वाटाण्याचा. भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी आधी एक छोटी फिल्म केली, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी पैशांची तयारी दाखवली. ही फिल्म रोज एक चौकट घेऊन केली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, आणि ती मिनिटाहून थोडी जास्त चालायची असंही त्याच दमात सांगितलेलं असतं. ही दोन विधानं एकत्र नांदू शकत नाहीत. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तर एका मिनिटाला ९६० चौकटी लागतात. रोज एक घेतली तर दीड महिन्यात पंचेचाळीस होतील, म्हणजे पडद्यावर तीन सेकंदही नाहीत. तीस दिवसांत ९६० हव्या असतील तर दिवसाला बत्तीस, म्हणजे अहोरात्र दर पाऊण तासाला एक. मग रात्रीचं काय? दिव्याच्या उजेडात घेतलेली चौकट आणि उन्हात घेतलेली चौकट एकापाठोपाठ आल्या तर चित्र लुकलुकतं. फक्त दिवसा घेतल्या तर रात्रीत वाढलेला कोंब सकाळी एकदम उडी मारल्यासारखा दिसतो. खोली बंद ठेवून कायम दिव्याच्याच उजेडात काम केलं तर रोपटं उजेडाच्या दिशेने वाकतं.

एकेक चौकट घेण्याचं तंत्रही समजून घेण्यासारखं आहे. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात नेहमीच्या हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी सरकतात. एका फेऱ्याला एकच चौकट हवी असेल तर त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांना हँडल बसवायची दुसरी जागा दिलेली असे. पण हाताने सावकाश एक फेरा मारला की कॅमेऱ्याची झडप (शटर) जास्त वेळ उघडी राहते, फिल्मला जास्त प्रकाश मिळतो. म्हणून भिंगाचं छिद्र त्या प्रमाणात बारीक करावं लागतं आणि प्रत्येक फेरा त्याच गतीने मारावा लागतो. शेकडो वेळा, महिनाभर. माणूस कॅमेरा चालवायला शिकला तो असा. वाटाण्याची फिल्म भांडवलदारांसाठी होती खरी, पण माझ्या मते फाळक्यांची खरी प्रशिक्षणशाळा तीच.

मुख्य चित्रीकरणाचा वेग हातावरच अवलंबून. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी, म्हणजे एक फूट फिल्म. ३,७०० फूट म्हणजे तासाभराचा खेळ. हात मंदावला तर पडद्यावर माणसं घाईघाईने चालताना दिसतात, आणि शिवाय त्या चौकटींना जास्त प्रकाश मिळून चित्र फिकं पडतं. एकाच चुकीची दोन फळं. दिग्दर्शन करताना हँडल फिरवता येत नाही, म्हणून फाळक्यांनी त्र्यंबकेश्वरचे आपले मित्र त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा शिकवला. नटाची धावपळ बघून चालवणाऱ्याचा हात नकळत भरभर फिरायला लागतो. तेलंगांना ताल कसा शिकवलात, हे मला विचारायचंय.

उजेड सगळा सूर्याचा. सेट उघड्यावर, मागे रंगवलेले पडदे. माध्यान्हीचं ऊन डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात. उपाय दोन. वर पातळ पांढरं कापड ताणायचं म्हणजे ऊन मऊ होतं, आणि खालून किंवा बाजूने पांढरी चादर धरून उजेड चेहऱ्यावर फेकायचा. ही चादर धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहणाऱ्याही सरस्वतीबाईच. चादर हलली की चेहऱ्यावरचा उजेड हलतो, वारा सुटला की पाठीमागचा राजवाडा फडफडतो. ढग आला तर हँडल थांबवायचं, कारण फिल्म महाग आणि पुन्हा घेण्याची चैन नाही.

रंगांचं प्रकरण सर्वांत नाजूक. त्या फिल्मला निळा आणि जांभळा रंग भरपूर दिसायचा, हिरवा थोडाफार, तांबडा जवळजवळ नाही. म्हणजे कुंकू काळं येणार, लाल शालू काळा येणार, सोन्याचे दागिने डोळ्यांना दिसतात त्याहून काळवंडलेले येणार, आणि निळं आकाश सपाट पांढरं. आपल्या वर्णात तांबूस-पिवळ्या छटा जास्त, त्यामुळे रंगभूमीवरचा नेहमीचा मेकअप इथे उलटा पडतो. ओठांना लाली लावली तर तोंडाच्या जागी काळी फट दिसते. पौराणिक चित्रपट करणाऱ्याची तर आणखी पंचाईत. कृष्णाला परंपरेप्रमाणे निळा रंगवला तर फिल्मवर तो गोराच दिसणार. १९१८ चा ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ चा ‘कालियामर्दन’ करताना हे कोडं कसं सोडवलंत? ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झाली होती त्यांचीच मुलगी मंदाकिनी. तिच्या अंगाला कोणता रंग लावून काय परिणाम दिसला, याची वही त्यांनी ठेवली असेल तर ती मी अख्खी उतरवून घेईन.

चमत्कारांच्या दृश्यांवर लोक आजही थक्क होतात, पण त्यामागे मोजणी आहे. एखादी व्यक्ती अचानक प्रकट व्हायची असेल तर हँडल थांबवायचं, बाकीच्या नटांनी होते तसे गोठून राहायचं, नव्या नटाने जागेवर यायचं आणि पुन्हा हँडल सुरू. कॅमेरा या काळात तसूभरही हलता कामा नये. हँडल थांबताना आणि सुरू होताना गती मंद असते, त्यामुळे त्या जागच्या चौकटी जास्त उजळ येतात. त्या कापून सांधा जोडला नाही तर प्रकट होण्याच्या क्षणी पांढरा झटका दिसतो आणि जादू उघडी पडते. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये विश्वामित्राच्या यज्ञातल्या शक्ती आणि शेवटी प्रकट होणारा देव ही अशी कामं.

एका दृश्यातून दुसरं दृश्य उमलवायचं असेल तर त्याहून अवघड. समजा तीन सेकंदांत पहिलं चित्र विरवायचं आहे. सहा फेऱ्यांत भिंगाचं छिद्र हळूहळू बंद करत न्यायचं. मग भिंग झाकून फिल्म बरोबर सहा फेरे मागे घ्यायची. पुढच्या दृश्याला तेच सहा फेरे मारताना छिद्र हळूहळू उघडायचं. अर्ध्या फेऱ्याची चूक म्हणजे चार चौकटी. मोजणी कमी पडली तर मधेच चित्र काळोखतं, जास्त झाली तर दोन्ही चित्रं एकमेकांवर चढून गढूळ होतात. आणि चूक झाली हे फिल्म धुतल्याशिवाय कळत नाही. तोवर सेट मोडलेला, नट घरी गेलेले. तीन रंगांच्या छपाईत एकावर एक ठसा बसवणाऱ्या माणसाला ही शिस्त अंगवळणी पडलेली होती, म्हणून पहिल्याच चित्रपटात हे धाडस झालं असं मला ठामपणे वाटतं.

आता धुलाई. माझ्या मते इथेच या माणसाची सर्वांत मोठी परीक्षा होती, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

त्या काळी फिल्म लाकडी चौकटीवर किंवा मोठ्या लाकडी ढोलावर गुंडाळून, वळसे एकमेकांना न चिकटता, टाकीत बुडवायची पद्धत होती. एका वेळी साधारण दोनशे फूट धरले तर ३,७०० फुटांना एकोणीस घाण्या, आणि तेवढ्याच पुन्हा प्रिंटच्या. डेव्हलपरमध्ये मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही चित्र उमटवणारी द्रव्यं, ती हवेने खराब होऊ नयेत म्हणून सल्फाइट, कामाला वेग यावा म्हणून कार्बोनेट आणि चित्र धुरकट होऊ नये म्हणून चिमूटभर ब्रोमाइड. त्यानंतर पाण्यातून काढून हायपोच्या, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात. लिटरला पाव किलोच्या आसपास हायपो लागतो. तो कमी पडला किंवा शिळा झाला तर फिल्म काही महिन्यांत पिवळी-तपकिरी पडते. मग भरपूर पाण्याने धुणं, शेवटी फिल्म लवचिक राहावी म्हणून ग्लिसरीनचं पाणी, आणि वाळवण.

ही सगळी कृती युरोपातली, तिथल्या तापमानाला बेतलेली. डेव्हलपरचं तापमान १८ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. मुंबईत नळाचं पाणीच त्याहून आठ-दहा अंश गरम. अशा पाण्यात दोन गोष्टी होतात. चित्र भराभर उमटतं, त्यामुळे कधी बाहेर काढायचं याचा अंदाज चुकतो आणि फिल्मवर राखाडी पडदा चढतो. दुसरं याहून वाईट: जिलेटिन मऊ होऊन फुगतं, त्याला सुरकुत्या पडतात आणि कडेने ते सुटून येतं. डोळ्यांदेखत अख्खा प्रसंग पाण्यात वाहून जाऊ शकतो. त्या काळच्या छायाचित्रकारांकडे यावर उपाय होते. टाकीच्या बाहेरून बर्फ लावायचा, आत टाकायचा नाही, नाहीतर द्रावण पातळ होतं. क्रोम तुरटीच्या पाण्यात बुडवून जिलेटिन कडक करून घ्यायचं. कामाची वेळ पहाटेची ठेवायची. पाण्यात क्षार असतील तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून ओली फिल्म मऊ कातड्याने पुसायची. गोध्र्याच्या उन्हाळ्यात काचेच्या प्लेटा धुतलेल्या फाळक्यांना हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. तरी प्लेट एक बिघडली तर एकच फोटो जातो, इथे एका घाणीत तीन हजारांहून अधिक चौकटी असतात.

प्रिंट काढताना धुतलेली निगेटिव्ह आणि कोरी पॉझिटिव्ह एकावर एक ठेवून प्रकाशासमोरून सरकवतात. इथे एक बारीक अडचण आहे. नायट्रेटची फिल्म धुऊन वाळली की किंचित आखडते, त्यामुळे निगेटिव्हची भोकं आणि कोऱ्या फिल्मची भोकं तंतोतंत जुळत नाहीत. दोन्ही नीट चिकटून सरकल्या नाहीत तर प्रिंट अस्पष्ट येते, आणि दोष कॅमेऱ्याचा की प्रिंटिंगचा हे ओळखायला अनुभवी डोळा लागतो. शिवाय प्रत्येक दृश्याची निगेटिव्ह कमी-जास्त गडद असते, त्यानुसार दिव्याचा प्रकाश बदलत न्यावा लागतो. दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या वेगळ्या चित्रित करायच्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पाट्या एकाहून अधिक भाषांत होत्या. ढोबळ हिशेब एका शब्दाला एक फूट. अक्षर हळू वाचणाऱ्यांसाठी पाटी लांबवली तर फिल्म आणि पैसा दोन्ही खर्च.

माणसांबद्दल थोडक्यात, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, जाहिराती देऊनही. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे साळुंके महिना पंधरा रुपयांवर तयार झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. सिनेमात काम करतो म्हणणं कमीपणाचं होतं, म्हणून नटांना सांगून ठेवलेलं असे की घरी ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे’ म्हणा. मला ते उत्तर फार आवडतं. ती खरोखर फॅक्टरीच होती. पुढे लवकरच, १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी पडद्यावरच्या स्त्री-भूमिकांना खऱ्या स्त्रिया मिळवून दिल्या.

सहा महिने सत्तावीस दिवसांत काम पुरं झालं. २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ आणि ३ मे ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सार्वजनिक प्रदर्शन. जाहिरात गाजली ती अशी की सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. यातला पहिला आकडा तपासून पाहा. ५७,००० भागिले १६ म्हणजे सुमारे ३,५६० फूट, चित्रपटाच्या लांबीशी नीट जुळणारा. दोन मैल मात्र १०,५६० फूट होतात, ती अतिशयोक्ती. फोटोंचा आकडा कारागिराने मोजलेला आणि मैलांचा धंद्यासाठी फुगवलेला असावा, आणि दोन्ही माणसं एकच.

बोलपटाबद्दलही विचारायला हवं, जरी तो विषय त्यांना सुखाचा नसेल. १९३२ चा ‘सेतुबंधन’ मुका केला आणि मग त्यावर आवाज चढवला. ध्वनीसाठी फिल्म सेकंदाला चोवीस चौकटींच्या अढळ गतीने धावावी लागते, कारण गती हलली की आवाजाचा सूर हलतो. म्हणजे मोटर आली आणि हँडलवरचा हात गेला. वीस वर्षं कमावलेलं तालाचं कसब एका हंगामात निरुपयोगी झालं. पुढे कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव मुळातूनच बोलका चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले.

प्रत्यक्ष भेट शक्य नसली तरी त्यांचं काम थोडंफार बघता येतं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ‘राजा हरिश्चंद्र’चं पहिलं आणि शेवटचं रीळ सांभाळलं आहे. हे तुकडे १९१३ चे नसून १९१७ साली नव्याने केलेल्या आवृत्तीचे असावेत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या १९१७ च्या माहितीपटाचा तुकडाही शिल्लक आहे. त्यात फाळके स्वतः कामात गढलेले दिसतात, फिल्म हातात धरून उजेडात तपासताना सुद्धा. इंटरनेटवर हे तुकडे सहज सापडतात. बघताना माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर सोळाच्या गतीचं चित्रण चोवीसने चाललंय असं समजा आणि प्लेअरचा वेग ०.७५ वर आणा, चाल लगेच माणसासारखी होते. मग गोष्टीकडे थोडं दुर्लक्ष करून चौकटीच्या कडेला स्थिर असलेली एखादी वस्तू निवडा, खांब किंवा दाराची चौकट, आणि ती किती थरथरते ते बघा. झीज, ओरखडे आणि पुढच्या प्रतींमधले दोष वजा करून जो स्थिरपणा उरतो, त्यात सरस्वतीबाईंच्या ठोक्यांचा वाटा आहे.